मामांच्या अंदाजपत्रकातली खोली

आधी वस्तू जन्माला येते आणि मग तिला नाव मिळतं, असा साध्या माणसांचा समज असतो. माझ्या मामेसासऱ्यांच्या मते आधी वर्ग असतो, त्याखाली उपवर्ग, त्याखाली क्रमांक, आणि एवढं करून कागदावर जागा उरलीच तर मग वस्तू. ब्रह्मदेवाने सृष्टी वर्गवारी न करता घाईघाईत उरकली, म्हणून तिची डागडुजी अजून संपत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. तंजावूरजवळ तिरुवैयारूत कावेरीच्या काठी राहून रोज देवळात जाणारा माणूस देवाच्याच कामात चुका काढतो, याचं मामींना वाईट वाटतं. मामांचं म्हणणं, कोणीतरी सांगायला नको का?

मामा सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करत. बाकीचे लोक गवंड्याचं काम, सुताराचं काम, लोहाराचं काम अशा याद्या करायचे. मामांनी चेन्नईच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून परदेशी जाडजूड ग्रंथ आणला, आणि तेव्हापासून इमारत कोण बांधतं हे विचारायचं सोडून तिचा कुठला भाग काय करतो, एवढंच ते विचारू लागले. पाया म्हणजे वर्ग एक, भिंती दोन, जिने तीन, फरशी चार, छप्पर पाच, बाहेरून तयार आणून बसवायचं सामान सहा, नळ आणि सांडपाणी सात, भोवतालचं आवार आठ. दवाखाना असो की गोठा, छप्पर म्हटलं की पाच. म्हणजे दोन इमारतींचे कागद शेजारी ठेवले की कुठे उधळपट्टी झाली ते एका नजरेत कळतं. यात तथ्य आहे हे मलाही पटतं, आणि तसं मी एकदा बोलून दाखवलं ही माझी चूक झाली. त्या दिवशी मला चारची बस पकडायची होती. मी सातच्या बसने घरी गेले.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आले, तेव्हा नमस्काराला वाकल्यावर मामांनी आधी आशीर्वाद दिला आणि मग माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, वळून म्हणाले, "वर्ग सहा, अक्का. तयार आणून बसवायचं सामान. चौकटींत बसेपर्यंत थोडं वाजतं." मी वाजले, आणि बारा वर्षं झाली तरी अधूनमधून वाजतेच. मामांच्या घरात मराठी बोलतात ती शतकांपूर्वी तंजावूरला येऊन राहिलेल्या मराठ्यांची, जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून. लिहिण्याचं काम मात्र तमिळ नाहीतर इंग्रजीत. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे सगळं मी निर्धास्तपणे लिहिते आहे.

पंगतीत मामांच्या शेजारी बसणं हे धाडसाचं काम. एका मुंजीत वाढप्याने सांबार यायच्या आधीच त्यांच्या पानात रसम ओतलं. मामांनी हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "भिंती नाहींत, आणि छप्पर घातलंस?" सांबार येईपर्यंत त्यांनी भाताला बोट लावलं नाही, आणि तोवर रसम पानावरून वाहत माझ्या रेशमी साडीपर्यंत आलं. डॉक्टरांकडेही तीच तऱ्हा. काय होतंय म्हणून विचारलं की मामा सांगणार, "वर्ग एक, गुडघे. वर्ग पाच, टाळू तापते. वर्ग सातचं मागाहून सांगतों, बायका बसल्या आहेत." डॉक्टर तरुण आणि सोशीक आहेत. त्यांनी मामांच्या केसपेपरवर आठ वर्गांची यादी छापूनच घेतली आहे.

या सगळ्याला मामी हसत आल्या, पण एका बाबतीत त्यांचं घोडं मामांच्या वर्गवारीपाशीच अडलं होतं. मामी मुलांना गाणं शिकवतात. शिकवणी घराच्या पुढच्या ओट्यावर, आणि ओट्यासमोरून तंजावूरची बस जाते. मुलं सूर लावायची, बस हॉर्न द्यायची, आणि मुलं हळूहळू हॉर्नच्या सुरात गायला लागायची. मागच्या अंगणात एक खोली बांधावी, एवढंच मामींचं मागणं होतं. मामांनी त्याच दिवशी अंदाजपत्रक करायला घेतलं आणि ते आठ वर्षं करत राहिले. एका खोलीचं! खिडकीची जाळी भिंतीत धरायची की तयार सामानात, यात एक आख्खा उन्हाळा गेला. तोवर मामींचे गुडघे गेले, आवाज वरच्या सुरांना चिरकू लागला. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "माझा गळा आहे तोवर खोली होईल का गे? मागाहून झाली तर मी तिथें काय करूं, नारळ ठेवूं?" त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. घरी येऊन मी नवऱ्यापाशी मामांच्या नावाने भरपूर तोंडसुख घेतलं.

अखेर अंदाजपत्रक पुरं झालं. मेस्त्रीला बोलावलं. या मेस्त्रीने पूर्वी मामांच्या न्हाणीघरात, कागदावर नसलेला एक कोनाडा प्रेमाने काढून दिला होता आणि त्याबद्दल दोन तास व्याख्यान ऐकलं होतं. त्यामुळे या खेपेला त्याने कागदाबाहेर एक वीटही लावली नाही. कावेरीचं पाणी कधीमधी अंगणात येतं म्हणून जोतं चांगलं दोन फूट उंच घेतलं होतं. खोली झाली मात्र देखणी. हवेशीर, लाल फरशीची, आणि आत टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांत.

पूजेच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. मुलं रांगेत उभी, मामी नव्या साडीत, हातात तंबोरा. त्या दारापाशी गेल्या आणि थांबल्या. खाली अंगण, वर उंबरठा, मध्ये दोन फूट उंचीची गुळगुळीत भिंत. पायरी नव्हती. मेस्त्री हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, "सार, कागदावर पायरी नाही." मामांनी फाइल उघडली, पानं उलटली, आणि शेवटी फाइलच्या मागच्या खिशातून एक सुटी चिठ्ठी निघाली. तिच्यावर फक्त "पायरी" आणि पुढे प्रश्नचिन्ह. पायरी खोलीला चिकटलेली, म्हणून वर्ग तीन, जिने; पण ती उभी अंगणात, म्हणून वर्ग आठ, आवार. निर्णय होईपर्यंत मामांनी ती बाजूला ठेवली होती, आणि ती बाजूलाच राहिली.

"अय्यो," मामी म्हणाल्या, "आठ वर्षं पायापासून छपरापर्यंत अस्कं लिहिलंत, आणि मी चढायचं कसं म्हणून लिहिलं नाहींत?"

मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी फाइल माझ्या हातात दिली, तंबोरा एका मुलीकडे दिला, स्वतः कसेबसे उंबरठ्यावर चढले, आणि वाकून दोन्ही हात मामींपुढे केले. चारचौघांत त्यांनी मामींचा हात धरलेला कोणीच पाहिला नव्हता. मामी लाजल्या, चढल्या, आणि पहिला धडा झाला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिकवणीच्या आधी मामा सगळी कामं टाकून अंगणात येतात, मामींना वर चढवतात, आणि तिथेच दाराशी बसून मुलांची गाणी ऐकतात. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. महिनाभराने मी मामींना म्हटलं, "मेस्त्री अर्ध्या दिवसात पायरी घालून देईल. मी बोलू का?" मामींनी इकडेतिकडे पाहिलं. "नको गे. त्यांचं ठरलं नाहीं म्हणून सांगिट्लं आहे ना, तें बरं आहे. पायरी झाली की ते आपल्या खोलींत फाइली घेऊन बसतील."

मागच्या आठवड्यात मी गेले, तर मामांनी कपाटातून चष्मा आणायला सांगितलं. चष्मा त्या खोलीच्या फाइलवरच होता आणि फाइल उघडी होती. शेवटचं पान नवं होतं. पायरी, वर्ग तीन, दोन टप्पे, लांबी, रुंदी, विटा, सिमेंट, एका बाजूला हाताला धरायला लोखंडी नळी, सगळं सुवाच्य इंग्रजीत. खाली सही आणि तारीख. तारीख पूजेच्या दुसऱ्याच दिवसाची होती. मी वळून पाहिलं तर मामा दारात उभे. चोरी पकडली गेल्यासारखे दिसत होते.

"तिला सांगूं नको," ते म्हणाले.

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. पण जीव मात्र टांगणीला लागतो. हात देणारा एक्याऐंशीचा, हात घेणारी शहात्तरची, आणि खाली दगडी अंगण. एक दिवस दोघांपैकी कोणाचा तरी तोल जाईल, हे मला दिसतं, आणि पायरी घाला म्हणून सांगण्याचं धैर्य मला होत नाही. या दोघांवर माझा इतका जीव जडेल असं मला वाटलं नव्हतं. काल परत गेले होते. मामांचे हात आता मामींपेक्षा जास्त थरथरतात. मामींनी ते घट्ट धरले आणि वर चढता चढता स्वतःच त्यांना सावरलं, ते मामांच्या लक्षातही येणार नाही अशा बेताने.