उस्तादाचं 'हे'

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली उस्ताद म्हणायची. कसला उस्ताद, कपाळ! उभ्या जन्मात त्याने एका वस्तूचं नाव शिकून घेतलं नाही. पेचकस म्हणजे 'हे', चिमटा म्हणजे 'हे', तेलाची बाटली म्हणजेही 'हे'च. नावं लक्षात ठेवणं कारकुनांचं काम, आपण पडलो कलावंत, असं तो मिशीला पीळ देत सांगे. मिशी तेवढी झकास होती, बाकी सगळा आनंदच.

मशीनच्या पोटात डोकं खुपसायचं, हात मागे पसरायचा आणि म्हणायचं, "ते हे दे." देणारी त्याची धाकटी बहीण. बोटं मिटलेली असली की चिमटा, अंगठा हलला की तेल, हात नुसताच पसरला की चहा. वर्षानुवर्षं ती बापडी तो तळहात वाचत आली. पुढे त्याची नजर अधू झाली, तशी सुई-धाग्याचा मेळ बसवण्यापासून पट्टा बदलण्यापर्यंत सगळी दुरुस्ती तिच्याच गळ्यात पडली. गिऱ्हाइकं मात्र उस्तादाचे गोडवे गात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आज कपड्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई येणार होत्या. त्यांच्या सगळ्या मशीन वर्षभर सांभाळायचं काम मिळणार होतं. "त्यांना सांग दादा, ही माझी भागीदार आहे म्हणून," बहिणीने बजावलं होतं. एवढंच तिचं मागणं. "सांगतो की," तो म्हणाला होता, तेही तोंडात घास असताना.

बाई आल्या तेव्हा बहीण काळ्या हातांनी पट्टा चढवत होती. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

उस्तादाने मान वर केली. मग तेलाच्या बाटलीकडे उडवावा तसा त्याने तिच्याकडे हात उडवला. "ही होय? ही आपली... हे."

बहिणीला शिसारी आली. राग यायलासुद्धा माणूस त्या लायकीचा लागतो. तिने पट्टा नीट चढवला, कारण काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. मग फडक्याला हात पुसले.

"मी ह्यांची बहीण," ती बाईंना म्हणाली. "मशीन मीच दुरुस्त करते. तुमची हरकत नसेल तर तुमचं काम मी एकटी घेईन. ह्या दुकानातून नाही, माझ्या घरून."

बाईंनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा उस्तादाकडे. "उद्या सकाळी या," तिला म्हणाल्या आणि निघाल्या.

बहिणीने पर्स उचलली. आता तरी उस्तादाचे डोळे उघडले असतील, असं वाटेल कुणाला. छे.

"अगं," तो खुर्चीत टेकत म्हणाला, "पण मग उद्या दुकान कोण उघडणार?"