शिक्का वर, थंडी रस्त्यावर

काल्हेरच्या रस्त्यावर गोदामांच्या रांगेत भाजीचा एक प्लांट आहे. पडघ्याकडच्या शेतांतली भाजी तिथे येते, निवडली जाते, थंड खोलीत राहते आणि ट्रकमधून मुंबईला जाते. दर्शनी भिंतीवर भलंमोठं हिरवं पान, त्याखाली ‘पृथ्वीला जपणारं अन्न’. छपरावर सोलर पॅनल. त्यांच्यावर ट्रकांच्या धुळीचा असा थर, की सूर्यालाही आत यायला गेटपास लागावा.

माझी आत्या तिथे थंड खोलीच्या दारावर कामाला. क्रेट मोजून बाहेर द्यायचे, ही तिची ड्युटी. एका रविवारी टेमघरला आमच्याकडे जेवताना ती सहज बोलून गेली, “दार दिवसभर उघडंच असतं. मशीन बिचारं धापा टाकतं.” मला एवढं पुरे होतं. मी पत्रकं लिहून वाटते, आणि पत्रकं लिहिणाऱ्याला ‘कोण’ आणि ‘किती’ विचारायची सवय असते. ‘का’ विचारलं की मजकूर लांबतो. तिसऱ्या दिवशी मी काल्हेरच्या नाक्यावर गुलाबी कागद वाटत उभी: ‘पृथ्वीला जपणाऱ्यांनो, आधी दार लावा.’ आमच्याकडे भरदुपारी वीज जाते आणि यांची थंडी रस्ता गार करते, असंही त्यात होतं. वाक्य मला इतकं आवडलं की शेवटी पुन्हा एकदा टाकलं.

प्लांटने पत्रकाची दखल घेतली. आजवर माझ्या एकाही पत्रकाची कोणी घेतली नव्हती, त्यामुळे काही तास मी खूश होते. दखल अशी, की पत्रकाला प्लास्टिकचं आवरण घालून ते कामगारांनाच सूचना म्हणून बायकांच्या जेवणाच्या खोलीत लावलं, दारावर कोण असतं ते पाहिलं आणि आत्याला घरी बसवलं. ‘ठेवायचं की काढायचं, सोमवारी बघू,’ असं साहेब म्हणाले.

संध्याकाळी आत्या आमच्या दारात. चपलाही काढल्या नाहीत.

“बाय, तुझा कागद लय भारी हाय. माझी ड्युटी खाल्ली.”

“आत्या, मी कंपनीच्या विरोधात लिहिलं होतं.”

“कंपनी कधी दारावर उभी असते? दारावर मी असते.”

मग आधीच विचारायला हवं होतं ते मी आता विचारलं: दार उघडं का ठेवता?

“सांगून न्हाय कळायचं. उद्या समोरच्या टपरीवर बसू. डोळ्यांनी बघ.”

बसलो. एक ट्रक मागे घेत दाराला लागला. दार उघडलं, क्रेट भरून झाले. मग हमाल कागद घेऊन लोखंडी जिन्याने वर गेला, कारण गेटपासचा शिक्का वरच्या ऑफिसात. साहेब फोनवर होते. हमाल जिन्यातच टेकला, ड्रायव्हरने तंबाखू मळायला घेतली. दारात दुधीचा एक क्रेट अडकवलेला, थंडी बाहेर, कॉम्प्रेसरची घरघर चालू. माझा चहा संपला. दुसरा मागवला, तोही संपला.

“तोवर दार लावून घ्यायचं ना,” मी म्हटलं.

“लावलं की परत उघडायला तापमानाच्या कागदावर नवी सही लागते,” आत्या म्हणाली. “ती सही पण वरच.”

हा नियम वीज वाचवण्यासाठी केलेला. दार कोणी उगाच उघडू नये म्हणून. आणि त्यामुळेच एकदा उघडलेलं दार लावायची कोणाची हिंमत होत नव्हती.

सोमवारी आत्याबरोबर मीही तो लोखंडी जिना चढले. वर एसी असा, की पालक तिथेच ठेवला असता तरी टिकला असता.

“ताई, आपण एकाच विचारांची माणसं,” साहेब मला म्हणाले. “आमचा प्लांट पूर्ण ग्रीन आहे. लेकिन लेबरला समज नाही, त्याला आम्ही काय करणार?”

“शिक्का आणि सही, दोन्ही खाली दाराशी आणा. एक टेबल टाका.”

“खाली? खाली गरमी किती असते, बघितली का?”

आत्या पुढे झाली. “थंड खोलीच्या दारात गरमी होते, साहेब,” ती म्हणाली. “मंग थंडी जाते कुठं?”

साहेब टेबलावरचे कागद सरळ करू लागले. त्यात मी माझा एक कागद ठेवला, नव्या पत्रकाचा मसुदा. मथळा: ‘शिक्का वर, थंडी रस्त्यावर.’

“हे छापलंय?”

“नाही. आत्या ड्युटीवर चढते का, ते बघतेय.”

दुपारी टेबल खाली आलं. साहेब नाही आले; शिक्का आणि सहीचा अधिकार देऊन त्यांनी क्लार्कला धाडलं. आत्या दारावर परत. आता ड्रायव्हरची तंबाखू मळून व्हायच्या आत ट्रक निघतो आणि दार लागतं. पुढे वीज वाचवण्याच्या अभिनव कल्पनेबद्दल साहेबांचा सत्कार झाला. कुंडीतलं एक रोप मिळालं. ते एसीत ठेवलंय. बायकांच्या खोलीतलं माझं पत्रक अजून तिथेच आहे, आवरणासकट.

उरलेला गुलाबी गठ्ठा आत्याने मागून घेतला. वाटायला नेत असेल, म्हणून मी सुखावले. पुढच्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेले, तर सगळी पत्रकं स्वयंपाकघराच्या फळ्यांवर, डब्यांखाली अंथरलेली. छापलेली बाजू खाली.