वस्तीचा कोरा चौकोन

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावच्या कडेला, डाळमिलांच्या मागे, आमची वस्ती वाढत होती. दर उन्हाळ्यात एखादं शेत मोजलं जायचं आणि दिवाळीपर्यंत तिथे पत्र्याची घरं दिसायची. दवाखाना नव्हता. आठवड्यातून दोनदा फिरता दवाखाना येणार होता. तो कुठे उभा राहायचा, हे दम्याच्या नकाशावरून ठरणार होतं.

नकाशा कॉलेजातले संख्याशास्त्राचे सर आणि मी करत होतो. सरकारी दवाखान्याच्या वह्यांमधून दमेकऱ्यांची गावं उतरवायची, आलेखाच्या कागदावर चौकोन पाडायचे, प्रत्येकात शंभर घरांमागे दमेकरी किती ते काढायचं आणि शेजारच्या चौकोनांशी ताडून पाहायचं. डाळीच्या धुळीविरुद्धचं पत्रक मी आधीच लिहून ठेवलं होतं.

नकाशा झाला तेव्हा आमचा चौकोन जवळजवळ कोरा होता. दाट ठिपके पडले होते ते पारोळ्याकडे, जामनेरकडे.

"पत्रक तरी छापू," मी म्हणालो.

"छाप. मग नकाशावर माझं नाव नको," सर म्हणाले. "फिरत्या दवाखान्यासाठी आठ दिवसांत कागद द्यायचेत. चूक असेल तर दाखव."

दोन घरं सोडून एक अक्का राहायच्या. मिलमध्ये डाळ पाखडायच्या. त्यांचा श्वास रस्त्यावरून ऐकू यायचा. सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे कामाचा खाडा, म्हणून त्या औषध संपलं तरी जायच्या नाहीत. मी त्यांचं नाव वहीत शोधलं. सापडलं, पण पारोळ्याच्या पानावर.

"अक्का, तुम्ही इथे दहा वर्षं राहता. पारोळा कसं सांगितलंत?"

"त्यानी गाव इचारं, मी गाव सांगं," त्या म्हणाल्या. "मनं गाव पारोळाच शे. आठे ते मी नुसती ऱ्हास. पत्रकं वाटस तू, तुले इतलं बी समजत नही का, भाऊ?"

मला समजलं नव्हतं खरं. मलाही कुणी गाव विचारलं तर मी आजोबांचंच सांगायचो.

सहा दिवस आम्ही दारोदार फिरलो. गाव विचारायचंच नाही असं ठरवलं. घरात दमा कुणाला आहे आणि त्याची चूल कुठे पेटते, एवढंच विचारायचं. आजूबाजूच्या मोकळ्या हवेच्या वस्त्यांतही तसंच विचारलं, नाहीतर तुलना खोटी पडली असती. नव्या नकाशात मिलांच्या मागचे तीन चौकोन काळे झाले. सरांनी सही केली.

दवाखान्याची गाडी आमच्या वस्तीत उभी राहिली. अक्का कामावरून सुटल्यावर रांगेत आल्या, त्यांचा खाडा पडला नाही. पण औषध घेऊन दुसऱ्या दिवशी त्या त्याच धुळीत बसणार होत्या. ते तीन चौकोन मोठे करून मी पत्रकावर छापले आणि पहिली प्रत मिलच्या फाटकावर दिली.