एलियासच्या एकेचाळीस चाली

एलियास रोह्यात पोह्यांच्या गिरणीत भात भाजायचा. दोघे भाऊ इस्राएलला गेले, हा राहिला. मी पेणचा मास्तर, सहसा कुणाचं कौतुक न करणारा. पण या माणसाला मी मनोमन हात जोडले आहेत.

बहात्तर सालची बुद्धिबळ स्पर्धा. शेवटचा डाव रोह्यात, शनिवारी. मला जिंकल्याशिवाय विजेत्याची ढाल नव्हती, त्याला बरोबरी पुरे होती. त्या ढालीपायी पाच वर्षं मी एस्टीत हाडं खिळखिळी करून घेतली होती.

एलियास आला तो हात हलवत. "आज शब्बाथ, आमचा इसाव्याचा वार. लिवनं चालत नाय. खेळीन, पन चाली लिवनार नाय."

पंच दत्तात्रेयराव म्हणाले, "खेळा. पण वाद झाला तर मास्तरांचाच कागद धरणार." तो मान हलवून बसला.

मी घोडा काढला, त्यानेही घोडा. मी उंट, त्यानेही उंट. किल्लेकोटसुद्धा माझ्या मागोमाग! समोर आरसा ठेवून खेळतोय असं वाटून मी चिडलो. शेवटी मी वजीर घुसवला आणि त्याचा राजा कोंडला. पण नेमका घाव सापडेना. वजीर नुसता मागेपुढे करत राहिलो.

"हीच मांडणी तीनदा झाली," एलियास म्हणाला. "डाव बरोबरीत."

माझ्या कागदावर ती दोनदाच होती. दत्तात्रेयरावांनी कागद वाचला. "खेळ पुढे चालू द्या."

"पट पयल्यापासून लावा," एलियास म्हणाला. डोळे मिटून तो दोघांच्याही चाली सांगत गेला, पंच सोंगट्या हलवत गेले. कुठे अडखळणं नाही. चौतिसाव्या चालीला तो थांबला.

"हितं मास्तरांनी वजीर मागं घेतला, मी राजा सरकवला. वजीर परत आला, राजाबी परत. तवाच चहा आला, मास्तरांचं लिवायचं राह्यलं."

चहा मला आठवत होता, चालीही आठवल्या. पण त्या गाळल्या तरी पट तसाच दिसत होता, म्हणजे पुरावा काहीच नव्हता. सगळे माझ्याकडे बघू लागले. ढाल समोरच्या टेबलावर होती.

"हो," मी कसाबसा म्हणालो. "लिहायच्या राहिल्या."

एकेचाळीस चालींवर डाव बरोबरीत सुटला. बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर ढाल तुमची," एलियास म्हणाला. "तुमी सांगाल त्येच खरं धरनार, ह्ये ठावं असूनच बसलो ना मी."