डायरीतली दुसरी नोंद

हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त उठला, की ते प्रकरण हटकून आठवतं आणि मला माझीच चीड येते.

त्या वर्षी नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं विधेयक मंजूर झालं. सरकारी खात्यांविरुद्ध कोर्टाने दिलेल्या निकालांचे पैसे चुकते करायला त्यात तरतूद होती. उमरेडच्या एका म्हाताऱ्या विणकराची जागा रस्त्यात गेली होती, घर आणि हातमागासकट. वाढीव मोबदल्याचा निकाल हाती असूनही तो वर्षानुवर्षं थांबला होता. आता पैसे आले होते, पण एकतीस मार्चपर्यंत दिले नाहीत तर ते परत जाणार होते.

मार्चच्या मध्यात, मी ठाणेदार होतो त्या पोलीस ठाण्यात भूसंपादन कार्यालयातून फोन आला. तो विणकर आपणच, असं सांगणारे दोन दावेदार तिथे हजर झाले होते.

दोघांनाही ठाण्यात आणलं. पहिला इस्त्रीच्या शर्टातला. निकालातल्याच नावाचं आधार कार्ड आणि निकालाची मूळ प्रत जवळ, दाव्याचा नंबर, सर्व्हे नंबर तोंडपाठ. दुसरा थकलेला म्हातारा; त्याच्या आधार कार्डावर नावच वेगळं होतं.

"निकालात घरचं नाव आहे जी," तो म्हणाला.

"जागा कधी गेली?"

"पोरीच्या लग्नाच्या आंधी."

"कागद कुठे आहेत?"

"कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यापाशी ठेवले होते. घरी उंदरं कुरतडून राहिले होते न."

मी त्या टायपिंगवाल्याकडे साधा शिपाईही धाडला नाही. उलट सगळ्यांसमोर म्हाताऱ्यावर ओरडलो, "या वयात लबाडी करतोस? लाज वाटते का?" स्टेशन डायरीत नोंदही करायला लावली: सदर इसम तोतया असल्याचा दाट संशय. म्हातारा बाकावर खाली मान घालून बसला.

तेवढ्यात आमचे हवालदार जप्त कागदांचं पाकीट सीलबंद करायला बसले. लाख वितळली होती आणि नेमका दोरा तुटला. हवालदार वैतागले. म्हातारा उठला, दोन्ही टोकं बोटांत धरली, जरा थुंकी लावून पीळ दिला. दोरा सांधला गेला. गाठ दिसेचना. झालं, तो पुन्हा बाकावर जाऊन बसला.

मी तोच दोरा तोडून पहिल्या माणसापुढे धरला. त्याने पोत्याचं तोंड बांधावं तशी गाठ मारली.

असल्या गोष्टीला कोर्टात पुरावा म्हणत नाहीत. पण माझे डोळे उघडले. दोघांना वेगळं बसवलं आणि कागदावर नसलेलं विचारायला लागलो. माग घरात कुठे होता? दार कोणत्या बाजूला? म्हाताऱ्याने फरशीवर बोटाने अख्खं घर काढून दाखवलं. इस्त्रीच्या शर्टवाल्याला घाम फुटला. तो टायपिंगवाल्याचा साडू निघाला. त्याचं आधार कार्ड बनावट होतं. दाव्यातल्या जुन्या प्रतिज्ञापत्रावरचा अंगठा म्हाताऱ्याचाच असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल मी मागे लागून आणवला. मार्च संपायला दोन दिवस असताना पैसे त्याच्या खात्यात जमा झाले.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात आला. मला वाटलं, आभार मानायला आला असेल.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही माह्याबद्दल वहीत लिहिलं होतं. ते खोडता का?"

डायरीतली नोंद खोडता येत नाही. ते मी त्याला सांगितलं. पण लगेच डायरी पुढे ओढली आणि स्वतःच्या हाताने नवी नोंद लिहिली: सदर इसम हाच खरा हक्कदार आहे, आधीचा संशय ही माझी चूक होती. मग उभा राहून सगळ्या ठाण्यासमोर ती मोठ्याने वाचली.

खोट्या माणसाला आकडे पाठ असतात आणि खऱ्याला आपलं घर, हे मी त्या प्रकरणात शिकलो. नंतर कुणाच्याही हातातले कागद पाहण्याआधी मी त्याला बसायला खुर्ची देत असे.

त्या दिवशी नोंद ऐकून म्हाताऱ्याने डोळे पुसले, टोपी सारखी केली.

"अजून एकदा वाचा न, साहेब," तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं.