घासलेल्या तलवारीचा सन

तापीच्या दोन्ही काठांवर चकचकीत तलवार पाहून पिसाळणारा माणूस एकच झाला, रनाळ्याचे आमचे थोरले मामा. गंजकं पातं दिसलं की मात्र विरघळायचे! कुणा मुनशीकडून फारसी शिकलेले. पात्यावर तेलाची चिंधी फिरवून, ते उन्हात तिरकं धरून त्यावर कोरलेली अक्षरं नि आकडे लावत तासन्‌तास बसायचे. आम्हा भाच्यांना त्यांनी कधी इतकं निरखून पाहिलं नाही.

शस्त्रपूजेसाठी तलवारी राखेनं, चिंचेनं घासायच्या, ही आमच्याकडची रीत. त्यात कोरलेली अक्षरं झिजून जायची, त्यामुळे दसरा आला की मामांचं डोकं फिरायचं. दारोदार ओरडायचे, "कोनी घासी हाई? तलवार शे, तवा नही!" अहो, सोनं द्यायला आलेला माणूस असा वागतो का? कोरीटच्या पाटलांनी तर मांड्यांचं जेवण घालून आपली तलवार पुढे ठेवली. पात्यावर अकराशे नव्वदचा सन, म्हणजे तलवार आठशे वर्षांची, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. मामा म्हणाले, "हाऊ इंग्रजी सन नही, हिजरी शे. दोनशे वरीस, बस." भर पंगतीत पाटलांची सहाशे वर्षं बुडवली आणि वर आणखी एक मांडा मागितला! मला तर पाटाखाली शिरावंसं वाटलं.

पण माझा खरा राग निराळाच. मामांच्या स्वतःच्या घरातली तलवार पणजोबांना कोणी दिली, कधी दिली, हे पात्यावरच कोरलेलं होतं आणि मामांना जन्मभर तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पण मामा फारसी शिकेपर्यंत मामींनी ती दर दसऱ्याला घासघासून नाव घालवलं, सनाचे दोनच आकडे उरले. अन् जगावर गुरगुरणारा हा माणूस मामींपुढे चकार शब्द काढायचा नाही! मी छेडलं तर म्हणाले, "तिले घासानी हौस शे रे. काय बोलू तिले?" वा! म्हणजे पाटील तेवढे परके!

मामी गेल्या. पुढच्या दसऱ्याला मी रनाळ्याला निघालो तेव्हा मनात म्हटलं, आता ते दोन आकडे तरी वाचतील. जाऊन पाहतो तर मामा ओट्यावर बसलेले, मांडीवर तलवार, शेजारी मामींची राखेची वाटी. मी ओरडलोच, "मामा, अहो, सन जाईल!"

त्यांनी मान वर केली नाही. "तिनी चमकाडेल तलवार काळी पडी ऱ्हायनी," एवढंच म्हणाले आणि घासत राहिले. मग रिकामा हात माझ्यापुढे केला. चिंच संपली होती.

मी चरफडत आत गेलो आणि मामींच्या बरणीतली चिंच आणून त्यांच्या हातावर ठेवली.