अल्पशा आजाराने

विमल गेली आणि पेपरात दोन ओळी आल्या. ‘लोधिवलीच्या डॉ. विमलताई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’ मी माझ्या मुलाला, सुधीरला विचारलं, "हे ‘अल्पशा’ कुणी घातलं रं?" तो म्हणाला, "कुणी घातलं नाय आई, असंच छापतात." असंच छापतात...

विमल माझी धाकटी नणंद. आमच्या बौद्धवाड्यातून शिकून डॉक्टर झाली आणि दिल्लीच्या सरकारी कचेरीत गेली. ती शाळेत असताना तिची थोरली बहीण तारा बाळंतपणानंतर तापाने फणफणली, बरळायला लागली. बाया म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. तारा गेली. जखमेतलं, बाळंतपणातलं विष सगळ्या अंगात भिनून माणूस बघता बघता हातचं जातं, त्याला सेप्सिस म्हणतात, हे विमलला पुढे पुस्तकात कळलं. मग तिने आयुष्यभर तेच एक काम धरलं. राज्याराज्यांतले डॉक्टर एका टेबलाशी बसवायचे आणि सगळ्यांकडून एकच नियम कबूल करून घ्यायचा: जखमेवर ताप चढला, धाप लागली, माणूस बरळू लागलं की थांबायचं नाही, मोठ्या इस्पितळात हलवायचं.

मी तेव्हा मोठी शहाणी! तोंडाला पावडर थापून शिळफाट्याच्या बाजारात सांगत फिरले, आमच्या वन्सं दिल्लीला ‘सेफ्टी’च्या खात्यात सायबीण आहेत; सेप्सिसचं मी सेफ्टीच ऐकलेलं. भाजीवालीने विचारलं, "म्हंजी सेफ्टीपिना फुकट मिळतील काय गं?" मी ऐटीत म्हटलं, "विचारून बघते." आणि ह्या बावळटीने खरंच विचारलं. विमल हसली नाही. म्हणाली, "वहिनी, तुम्हाला कळेल असा शब्दच नाही अजून माझ्याकडे."

तो शब्द दिल्लीलाही सापडला नाही. बैठकांवर बैठका झाल्या, चहा झाले, आणि कुणा पंडिताने सेप्सिससाठी कोशातून शब्द उपसला. पोस्टर आलं, त्यावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आणि वर ठळक अक्षरांत ‘पूतिता’. शिळफाट्याला लोक विचारायला लागले, "ही पूतिता कुठल्या पक्षाची हाय?" हे सांगितलं तेव्हा मात्र विमल हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तो हसली, आणि मग पाणीच राहिलं.

सुट्टीवर आली की सकाळी पेपरातल्या निधनवार्ता आधी उघडायची. ‘अल्पशा आजाराने’ दिसलं की लाल पेन्सिलीने गोल करायची. मी चिडवायची, "वन्सं, मेलेल्यांचे पेपर तपासून मार्क कुणाला देता?" एकदाच म्हणाली, "ताराला पण अल्पसाच ताप होता, वहिनी."

यंदा भातकापणीला ती घरी आली आणि शेतात तिच्या पायात धस घुसला, कापलेल्या भाताचा टोकदार खुंट. ताप चढला तशी तीच म्हणाली, "हे तेच आहे. मला मुंबईला हलवा." वाटेत जवळच्या दवाखान्यात थांबलो. तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, "साधा ताप आहे, सलाईन लावू, उद्या बघू." विमल धापा टाकत एकच घोकत होती... सेप्सिस, सेप्सिस. तो म्हणाला, "पेशंट बरळतायत." मी ओरडले, "अरे बाबा, ती डॉक्टर आहे!" तो हसला. "तापात सगळेच डॉक्टर होतात, आजी." त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पूतिता होती, एक कोपरा सुटलेली.

मग भांडून जीप केली. जीप पनवेलपर्यंतच कामाला आली, तिथेच विमल गेली.

जलदानविधीला मोठमोठी माणसं आली. म्हणाली, ताईंनी देशाला जागं केलं. केलं की! देश उठला, सही केली, शिक्का मारला आणि कूस बदलून झोपला.

तिची लाल पेन्सिल खिडकीतच आहे. आता सकाळी पेपर मी उघडते. पहिला गोल तिच्याच दोन ओळींभोवती केला. सुधीर म्हणतो, "आई, आता पुरे कर गं."

आज आणखी दोन होते.